इंडेक्सर: क्लासला चौकोनी कंस

मागच्या वेळी आपण सी शार्पमधली प्रॉपर्टी पाहिली. आज तिचाच भाऊबंद, इंडेक्सर.

इंदूरच्या एका शिकवणीसाठी मी निकालाचा प्रोग्रॅम लिहिला होता. 'निकाल' नावाच्या क्लासमध्ये गुणांचा अ‍ॅरे होता आणि तो मी सरळ पब्लिक ठेवला. आळस, दुसरं काय! परीक्षा शंभर गुणांची, आणि एका मुलीच्या नावापुढे छापून आलं 710. टाइप करणाऱ्याकडून 71 वर एक शून्य जास्त पडलं होतं. अ‍ॅरेला काय, इंट मिळाला की झालं.

मग अ‍ॅरे प्रायव्हेट केला आणि इंडेक्सर लिहिला. लिहायचा प्रॉपर्टीसारखाच, फक्त नावाच्या जागी धिस हा कीवर्ड आणि त्यापुढे चौकोनी कंसात पॅरामीटर. आत गेट आणि सेट. सेटमध्ये नवी किंमत व्हॅल्यू या नावाने हातात येते. तिथेच तपासायचं: 0 ते 100 च्या बाहेर गेली की एक्सेप्शन. बाहेरचा कोड मात्र ऑब्जेक्टच्या नावापुढे कंसात 5 लिहून 71 देतो, अगदी अ‍ॅरेसारखा.

इथे मी दुसऱ्यांदा आपटलो, आणि हे जास्त लागलं. हजेरी क्रमांक 1 पासून, अ‍ॅरे 0 पासून. गुण भरणारा फॉर्म कंसात हजेरी क्रमांक द्यायचा, छापणारा लूप 0 पासून फिरायचा. अ‍ॅरे 60 चा, मुलं 42, त्यामुळे एक्सेप्शनही आलं नाही. पहिल्या मुलाला 0, त्याचे गुण दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला. पहिल्याचे वडील सकाळीच दारात हजर.

दुरुस्ती एवढीच: कंसातला आकडा म्हणजे हजेरी क्रमांक, हे ठरवलं. एक वजा करणं गेट आणि सेटच्या आत नेलं आणि लूप 1 पासून सुरू केला.

कंसात स्ट्रिंगही चालते बरं का. पॅरामीटरचा प्रकार वेगळा असेल तर एकाच क्लासमध्ये दोन इंडेक्सर राहतात. दोघेही एकच इंट घेणारे असतील तर कंपायलर अडवतो. मी हौसेने नावावरून गुण देणारा दुसरा इंडेक्सर लिहिला होता. वर्गात एकाच नावाच्या दोन मुली निघाल्या, तेव्हा काढून टाकला.