बिटकॉइनची किल्ली

टोकियोतील माउंट गॉक्स ही बिटकॉइनची पेढी २०१४ साली बुडाली, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे तिने जाहीर केले. दोन लाख पुढे सापडले खरे, परंतु ठेवीदारांना परतफेडीसाठी दहाएक वर्षे तिष्ठावे लागले. आपल्याकडेही जुलै २०२४ मध्ये वझीरएक्समधून सुमारे तेवीस कोटी डॉलरांचे चलन चोरीस गेले. पेढीतील खातेदाराच्या हाती केवळ आकडा असतो. धनावर सत्ता चालते ती ज्याच्यापाशी गुप्त किल्ली आहे त्याची.

ही किल्ली स्वतःजवळ ठेवू पाहणाऱ्यासाठी हार्डवेअर वॉलेट निघाले. ‘पाकीट’ हे नाव मात्र फसवे आहे. त्यात नाणे नसतेच. नाण्याची नोंद जगभरच्या संगणकांवरील खातेवहीत असते. किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या. ती या यंत्रात राहते आणि व्यवहारावरील सही आतल्या आत होते. संगणकात चोर शिरला तरी यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर रक्कम व पत्ता ताडून पाहता येतो. म्हणून ज्यास पडदा नाही, ते यंत्र घेऊच नये.

प्रागचे ट्रेझर २०१४ साली बाजारात आले. पॅरिसची लेजर कंपनीही त्याच वर्षीची. ट्रेझरची आज्ञावली कोणासही तपासता येते. तथापि त्याची जुनी यंत्रे हाती लागल्यास सुमारे पंधरा मिनिटांत त्यांतील रहस्य काढता येते, हे २०२० मध्ये तज्ज्ञांनी दाखवून दिले. लेजरने आरंभापासून बँकेच्या कार्डातल्यासारखी सुरक्षित चिप वापरली; पण २०२० मध्येच तिच्या लाखो ग्राहकांची माहिती फुटली, कित्येकांचे घरचे पत्तेदेखील! २०२३ च्या ट्रेझर सेफ ३ मध्ये सुरक्षित चिपही आहे. आज्ञावली खुली असावी आणि यंत्र चोरीस गेले तरी निभावावे, असे ज्यास वाटते त्याने त्याचा विचार अवश्य करावा.

यंत्र जुने घेऊ नये. पेटीत आधीच लिहिलेले शब्द आढळले, तर ते वापरूच नये. शब्द यंत्रानेच निवडावेत: २०४८ शब्दांच्या यादीतून बारा वा चोवीस. यंत्र मोडले तरी त्यांवरून किल्ली पुन्हा उभी राहते. ते कागदावर उतरावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये. प्रथम अल्प रक्कम पाठवून यंत्र कोरे करावे, कागदावरील शब्दांनी ते पुन्हा सिद्ध करावे, आणि रक्कम जागेवर दिसली म्हणजे मगच उरलेले धन तेथे हलवावे.