बेटाचे तोंड आणि बेटाची पाठ

(बंगळूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

अध्यक्षमहाराज, आणि बाहेर वळवाचे ढग दाटून आलेले असताना, परतीच्या वाटेवर गाड्यांची रांग ठरलेली असताना, केवळ मातृभाषेच्या ओढीने येथवर येण्याची तसदी घेणाऱ्या श्रोतेहो,

चिटणीसांनी पत्रिकेत छापलेला विषय ‘सुट्टीसाठी उष्ण कटिबंधातील बेटे : निवड आणि खर्च’ असा आहे. खर्चाकडे मी शेवटी येणार आहे. (हशा) हसण्याचे कारण मी जाणतो. गेल्या खेपेला याच व्यासपीठावर माझी प्रस्तावना पाऊण तास चालली होती. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हापासून वक्त्यास इतकी मुभा असावी, असा माझा समज आहे.

आत येताना दारातच एका वडीलधाऱ्या मित्रांनी मला अडवले. समुद्रसपाटीपासून सव्वानऊशे मीटर उंचीवर बसलेल्या, जवळच्या किनाऱ्यापासूनही दिवसभराच्या वाटेवर असलेल्या या शहरात समुद्राविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा त्यांचा सवाल होता. माझे उत्तर असे, की प्रयोजन येथेच आहे. मालवणच्या किंवा कारवारच्या माणसाला समुद्र निवडावा लागत नाही. तो त्याला वडिलोपार्जित जमिनीप्रमाणे, गुणदोषांसकट, जन्मतःच मिळालेला असतो. निवडण्याची पाळी येते ती आपणा पठारावरच्या मंडळींवर, आणि आपण ती निवड छायाचित्रे पाहून करतो. माझी सारी हयात हिशेबतपासणीच्या दफ्तरात गेली. तिथे छायाचित्र हा पुरावा म्हणून कधी रुजू होत नसे. कोणत्या तारखेचे, कोणत्या वेळेचे आणि कोणत्या बाजूने काढलेले, हे तीन दाखले सोबत नसतील तर ते कागद परत पाठवण्याचा शिरस्ता होता, आणि निळ्या पाण्याच्या, कललेल्या माडाच्या प्रत्येक चित्राला मी आजही हेच तीन प्रश्न विचारतो.

कारण बेटाला तोंड असते आणि पाठ असते. वारा ज्या अंगावर येऊन आदळतो ते त्याचे तोंड, आणि ज्या अंगाला तो पोहोचत नाही ती आडोशाची पाठ. सुट्टी पाठीवर घालवायची असते, तोंडावर नव्हे. मोसमी वाऱ्यांच्या मुलखात मौज अशी, की ऋतू पालटला म्हणजे तोंडाची पाठ होते आणि पाठीचे तोंड होते. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की आधी महिना ठरवावा, मग बाजू ठरवावी, आणि बेटाचे नाव त्यानंतर विचारावे.

अंदमानाचा दाखला घ्या. सेल्युलर जेल, कोलू, 1911 साली तेथे नेलेले सावरकर, हे सारे आपणास पाठ आहे आणि त्यावर बोलण्यास माझ्याहून अधिकारी माणसे या व्यासपीठावर येऊन गेली आहेत, सबब मी सरळ हॅवलॉकवर उतरतो. 2018 पासून त्याचे नाव स्वराज द्वीप आहे. तेथील राधानगरचा किनारा 2004 साली ‘टाइम’ साप्ताहिकाने आशियात सर्वोत्तम ठरवला आणि तेव्हापासून प्रत्येक जण राधानगर, राधानगर करीत जातो. परंतु राधानगर बेटाच्या पश्चिम अंगाला आहे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा थेट त्याच्यावर येतो, लाटा अंगावर धावून येतात, आणि पाण्यात शिरणे धोक्याचे होते. ऑक्टोबरानंतर वारा ईशान्येकडे फिरला, की तोच किनारा पाठ होऊन मऊ पडतो. पूर्वेकडच्या विजयनगरचे नेमके उलट. शिवाय त्या पूर्व किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तेथे पाणी पुरुषभर चढते-उतरते. सकाळी खोलीतून पाहिलेला समुद्र दुपारी नाहीसा झालेला असतो, आणि जागेवर उरतात खडक व प्रवाळ. पोहायचे असेल तर भांगाचे दिवस पाहावेत, म्हणजे अष्टमीच्या आसपास. पंचांग आपल्या घरात भिंतीवर टांगलेले असते; आपण त्यात मुहूर्त पाहतो, भरती पाहत नाही.

लक्षद्वीपविषयी फार बोलत नाही, कारण प्रवाळ कसे वाढते आणि कंकणाकृती द्वीप कसे बनते हे डार्विनने 1842 साली लिहून ठेवले आहे व शाळेत आपण ते वाचले आहे. छत्तीस बेटे, त्यांपैकी दहांवर वस्ती, एकूण क्षेत्र अवघे 32 चौरस किलोमीटर. परवान्याशिवाय प्रवेश नाही. पण निसर्गाचा बंदोबस्त पाहा : तेथील बहुतेक बेटे कंकणाच्या पूर्व काठावर वसलेली आहेत आणि पश्चिमेला प्रवाळाचा रुंद कठडा. नैर्ऋत्येचा वारा त्या कठड्यावर आपटून फुटतो, आणि आतले हिरवे, उथळ पाणी बेटाच्या पायाशी सुरक्षित राहते. आमचे कोकणातले कोळीही असाच बंदोबस्त करतात : पावसाळा लागला की होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत स्वस्थ बसायचे. त्यांच्यापैकी कोणी जुलैत सहल काढलेली मी ऐकलेली नाही.

मी काढली. (हशा)

ही हकिकत दोन मिनिटांत सांगण्याचा माझा इरादा आहे. सेवानिवृत्तीनंतर पत्नीसह मॉरिशसला जाण्याचे ठरले. एका प्रवासी कचेरीने दाखवलेल्या पुस्तिकेत पूर्व किनाऱ्यावरचे एक विश्रामगृह होते, दर आश्चर्यकारक रीतीने उतरलेला होता, आणि जन्मभर लोकांच्या हिशेबातली खोट काढणाऱ्या मला तो दर का उतरला आहे हे विचारण्याची बुद्धी झाली नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जुलै म्हणजे हिवाळा, आणि त्या हिवाळ्यात आग्नेयेचे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर अहोरात्र वाहतात. सहा दिवस वाळू आमच्या कानांत, चहात आणि पांघरुणात होती. सौभाग्यवतींनी सोबत आणलेला दिवाळी अंक जाहिरातींसकट वाचून काढला आणि तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “फोटोत वारा दिसत नाही.” आजच्या व्याख्यानाचा सिद्धान्त वस्तुतः त्यांचा आहे, मी केवळ त्याचा प्रसार करतो. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत म्हणून सांगतो असे नाही. (हशा व टाळ्या)

चौथ्या दिवशी जी भाड्याची मोटार मिळाली, तिचे चालक आमचे बोलणे निमूटपणे ऐकत होते, आणि एकाएकी अत्यंत शुद्ध, शाळेतल्या धड्यासारख्या मराठीत म्हणाले, “काका, आपण वाऱ्याच्या तोंडावर उतरला आहात.” मी चकित झालो. त्यांचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आले होते. ते स्वतः घरात क्रिओल बोलत, मराठी मात्र शाळेत शिकलेले. गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा झाल्यावर, 1834 पासून, सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर कराराने त्या बेटावर उतरले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले त्या आप्रवासी घाटाला 2006 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या घाटाच्या पायऱ्या आम्हांला आमच्या चालकांनीच दाखवल्या. रत्नागिरीच्या माणसाने त्या पायऱ्या चढताना हे बेट निवडलेले नव्हते, हे माझ्या ध्यानात आले आणि वाऱ्याविषयीची माझी तक्रार मला जरा ओशाळवाणी वाटू लागली.

मग त्यांनी आम्हांला मधल्या पठारावरून पलीकडे नेले. क्युरपिपला धुके आणि भुरभुर पाऊस, स्वेटर चढवावा इतकी थंडी. आणि तेथून खाली उतरून फ्लिक-आँ-फ्लाकच्या पश्चिम किनाऱ्यावर आलो, तो समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा निश्चल. तासाभराच्या अंतराने एकाच बेटाचे दोन ऋतू! संध्याकाळी त्यांनी घरी नेले. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, गणपती समुद्रावर नेतात, आणि आपल्या कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने अद्याप नाचतात. त्यांच्या मातोश्रींनी, एक मराठी वाक्य धड जुळवता येत नसताना, ठेका मात्र असा धरला की सौभाग्यवती उठून...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’ असे लिहिले आहे, आणि त्याखाली ‘विषय?’ (प्रचंड हशा)

विषय हाच आहे, अध्यक्षमहाराज. तरीही झपाट्याने सांगतो. ज्यांना विमानाचा खर्च नको त्यांनी उडुपीजवळ मलपेहून होडीने सेंट मेरी बेटांवर जावे. लाव्हा थंड होताना बनलेले षट्कोनी खडकांचे स्तंभ तेथे आहेत, मादागास्कर आपल्यापासून तुटला त्या काळचे. रेतीऐवजी शिंपल्यांचा किनारा आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात. तेथील होडीवाला वाऱ्याची परीक्षा देऊनच तयार झालेला आहे, त्याच्याशी वाद घालू नये.

आता खर्च. माझी तजवीज तक्ते वाचून दाखवण्याची होती, ते राहू द्या. दर उतरलेला दिसला, की उतरल्याचे कारण विचारावे. शंभरांतल्या नव्वद वेळा ते कारण वाऱ्याची दिशा असते, आणि ती सवलत आपण कानांतल्या वाळूने फेडतो. उरलेल्या दहा वेळांविषयी माझ्यापाशी...

मागचे पंखे बंद होऊ लागले आहेत. सभागृहाची मुदत संपली असावी. शेवटच्या तीन रांगा आता आडोशाच्या बाजूला आल्या. (हशा) दारात मला अडवणाऱ्या मित्रांना जूनमध्येच अंदमानला जायचे आहे, असे त्यांनी मघाशी कानात सांगितले. त्यांनी पूर्व अंगाला उतरावे, छत्री न्यावी, आणि उरलेला प्रश्न मला बाहेर चहाच्या टेबलापाशी विचारावा.