विद्यार्थ्यास हवा पाठीराखा



देवालयास दान देण्याची रीत आपणांस सांगावी लागत नाही. आजचे मागणे आहे ते महाविद्यालयात शिकणाऱ्या गरजू मुलांसाठी.

१९६२ साली पणजीत धेंपे व मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी कला-विज्ञानाच्या पदवीसाठी गोमंतकीय मुलास मुंबई, बेळगाव वा धारवाड गाठावे लागे. दानशूर घराण्यांनी ती उणीव दूर केली. परंतु महाविद्यालय जवळ आले, फीही माफ झाली, तरी खाणावळ, बसभाडे व पुस्तके राहतातच. या किरकोळ वाटणाऱ्या खर्चापायी पुष्कळदा शिक्षण सुटते.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले. मुलांची चूल विझता कामा नये, हे त्या माउलीने ओळखले होते.

म्हणून विनंती अशी की, समारंभात एकदाच रक्कम देण्यापेक्षा एका विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च पदवी मिळेपर्यंत उचलावा. देणाऱ्याचे नाव हवे तर फलकावर लागो. घेणाऱ्याचे मात्र सभेत उच्चारू नये. उत्सवाचे यजमानपद हा आपला मान आहे. एका विद्यार्थ्याचा पाठीराखा होणे हीही श्रींचीच सेवा होय.