आठवड्याचे एक पान
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला दिलेला विषय असा आहे की, ज्याला लिहिण्याची सवय नाही त्याने आपल्याविषयी लिहिण्यास सुरुवात कशी करावी आणि केलेली सुरुवात टिकवावी कशी. मी काही लेखिका नव्हे. शाळेत सामाजिक शास्त्र शिकवणारी बाई आहे. मात्र गेली दहा-अकरा वर्षे दर शुक्रवारी रात्री मी एक पान लिहिते आणि ते घरच्यांना व दोन-चार मैत्रिणींना वाचून दाखवते. एवढ्याच अधिकारावर मी आज आपल्यासमोर उभी आहे.

आधी एका कॅलेंडरविषयी सांगते. 1984 साली आम्ही भोपाळ स्टेशनजवळच्या एका वस्तीत भाड्याने राहत होतो. अब्बा रेल्वेत कारकून. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे घरात कोकणी वळणाची मराठी आणि दारात भोपाळी हिंदी. अम्मी मराठी चौथी शिकलेली. भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असे आणि त्याच्या चौकोनांत ती दुधाचा हिशेब मांडी. त्या डिसेंबरातल्या 2 आणि 3 तारखेमधली रात्र या शहरात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. मी तेव्हा चार वर्षांची होते. मला आठवते ते फक्त तोंडावर दाबलेले एक ओले फडके. बाकी सारे मोठ्यांकडून ऐकलेले, आणि मोठ्यांचे ऐकावे तर प्रत्येकाचे निराळे. अब्बा म्हणत, आपण मोठ्या तलावाच्या बाजूला पळालो. काका म्हणत, छे, तुम्ही रायसेनच्या रस्त्याला लागलात. घरी परत कधी आलो, यावर तर दर ईदेला वाद होई.

2013 साली अम्मी गेली. तिच्या पेटीत त्या डिसेंबरचे पान निघाले. 3 तारखेच्या चौकोनात लिहिले होते, "दूध नाही". 4 तारखेला नुसते "नाही". 5 तारखेला "गवळ्याची म्हैस गेली". 6 तारखेला "अर्धा लिटर, दुसऱ्याकडून". मग 13 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत सगळे चौकोन कोरे. कारखान्याच्या टाकीत उरलेले रसायन संपवण्याचे काम 16 डिसेंबरला सुरू व्हायचे होते आणि त्याच्या धास्तीने हजारो माणसे पुन्हा शहर सोडून गेली, हे मी वर्गात शिकवते. आमचे घरही त्यांत होते, हे मला त्या कोऱ्या चौकोनांनी सांगितले. 3 तारखेचे शब्द तिने मागाहून लिहिले असतील; पण 5 तारखेला ती घरात होती आणि गवळ्याशी बोलली होती, एवढे नक्की. आम्ही कोणत्या बाजूला पळालो, ते मात्र त्या पानात नाही. ते सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

त्याच महिन्यात मी साधी शंभर पानी वही आणली.

आता सुरुवातीविषयी. माझ्याजवळ लिहिण्यासारखे काय आहे, असे पुष्कळजण म्हणतात. खरी अडचण ती नसते. "वाचणार कोण?" ही खरी अडचण असते. याचा दाखला आपल्याच शहरात आहे. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम 1863-64 साली हजला जाऊन आल्या. परत आल्यावर प्रवासवर्णन लिहावे असे काही त्यांच्या मनात आपणहून आले नव्हते. डुरँड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पत्र धाडून विचारले की, अरबस्तान आणि मक्का पाहून आपल्याला काय वाटले ते समजून घेण्याची मला व माझ्या पत्नीला उत्कंठा आहे. तेवढे पुरे झाले. बेगमसाहेबांनी उर्दूत लिहून काढले आणि कसे, तर जकातीवरून झालेली हुज्जत, सामानाची हेळसांड, जेद्द्यातली घाण, सगळे तक्रारीच्या सुरात, राज्यकर्त्या बाईने खजिन्याचा हिशेब तपासावा तसे. पवित्र स्थळाविषयी मनात श्रद्धा असूनही त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत. 1870 मध्ये लंडनला त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. त्याच्या दोन वर्षे आधीच त्या वारल्या होत्या. पुढे त्यांच्या कन्या शाहजहाँ बेगम यांनी भोपाळचा इतिहास लिहिला आणि नात सुलतान जहाँ बेगम यांनी स्वतःचे चरित्र व स्वतःच्या हजची हकीकत लिहिली. आजी, मुलगी, नात अशा तीन पिढ्या, तिघीही गादीवर आणि तिघीही लिहित्या. आपल्या गावाची ही मिरास आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

सांगायचे असे की, विचारणारा एक माणूस आधी गाठावा. नातू असेल, सासरी गेलेली बहीण असेल, पुण्याला नोकरीला लागलेला मुलगा असेल. त्याला सांगावे, मी दर आठवड्याला एक पान लिहीन, तू ऐकायचे. "समाजासाठी" म्हणून लिहायला बसलेला माणूस पहिल्याच ओळीत भाषण ठोकू लागतो. (मी आता करते आहे तसे.) बहिणीला लिहिणारा मात्र गॅस कधी संपला आणि शेजारचे कोण भांडले, तेच लिहितो, आणि तेच वाचण्यासारखे असते.

वर्गात मी नववीच्या मुलांना महिनाभर रोजनिशी लिहायला लावली. पहिल्या आठवड्यात चाळीस वह्यांत एकच मजकूर: "सकाळी उठलो, दात घासले, शाळेत आलो." मी वैतागले. मग प्रश्न बदलला. म्हटले, आज असे काय पाहिलेत जे काल नव्हते, तेवढेच लिहा. दुसऱ्या दिवशी एका मुलाने लिहिले की, आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानात आज मशीन उलट्या तोंडाने ठेवले आहे, कारण त्याला आता डाव्या डोळ्याने कमी दिसते. दोनच ओळी. त्या शिंप्याकडे मी सहा वर्षे कपडे शिवत होते आणि मला हे ठाऊक नव्हते.

टिकवण्याविषयी आता. यात हुशारीची बाब थोडी आहे. रोज लिहीन, अशी प्रतिज्ञा करू नये. नवशिक्याची रोजनिशी बहुधा पंधरवडाभरात बंद पडते. आठवड्याचा एक वार धरावा, एक पान ठरवावे, आणि वर तारीख व गाव लिहावे. तारीख नसलेले पान वीस वर्षांनी कोणाच्या कामाचे राहत नाही. महागडी वही घेऊ नये, कारण तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही. खंड तर पडतोच. माझा दोनदा पडला. एकदा मुलगा टायफॉइडने आजारी होता तेव्हा सात आठवडे, आणि 2021 च्या उन्हाळ्यात तीन महिने. त्या तीन महिन्यांनंतर वही उघडताना फार संकोच वाटला. मागचे सगळे भरून काढायचे असे ठरवून बसले आणि एक अक्षर उमटेना. शेवटी "आज शुक्रवार, पाऊस आला" असे लिहिले आणि पुढे चालू केले. मागची बाकी फेडायला जाऊ नये.

शुद्धलेखनाची भीतीही फार असते, विशेषतः आपल्याकडे, जिथे तिसऱ्या पिढीची मराठी हिंदीत बुडालेली आहे. माझी मुले "मी तिला फोन लावून घेते" म्हणायच्या ठिकाणी भलतेच काही म्हणतात. तरी म्हणते, जसे येते तसे लिहा. वरसईचे गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीत झाशी-ग्वाल्हेरकडे फिरले आणि पुढे कित्येक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी "माझा प्रवास" लिहिला. वैद्यांनी तो 1907 मध्ये प्रसिद्ध केला, पण भाषेवर आपला हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली प्रत काढली, तेव्हा कुठे लोकांना भटजींचा खरा आवाज ऐकू आला. तेव्हा तुमच्या पानावर कोणा शिकलेल्या माणसाला, माझ्यासारख्या बाईला तर मुळीच, लाल शाई चालवू देऊ नका. "गैस त्रासदी" लिहिलेत तरी चालेल.

एक गोष्ट मात्र मी ठेच लागून शिकले. तिसऱ्या वर्षी एका नात्यातल्या बाईंच्या कर्जाविषयी मी एक पान लिहिले. नाव घातले नव्हते. मैत्रिणींना वाचून दाखवले, त्या हसल्या, आणि आठ दिवसांत ते फिरून त्या बाईंच्या कानी गेले. त्या माझ्या घरी आल्या, चहा घेतला नाही, आणि एवढेच म्हणाल्या, "बेटा, माझे दुःख होते ते. ते सांगायचे तर मी सांगितले असते." त्या मला आजही सलाम करतात, पण घरी येत नाहीत. तेव्हापासून दुसऱ्याची गोष्ट असली की, मी ती वाचून दाखवण्याआधी त्या माणसाला विचारते. नको म्हटले तर ते पान वहीत ठेवते, बाहेर काढत नाही.

मोबाईलवर लिहावे की वहीत, असे तरुण मंडळी विचारतील. कशातही लिहा. मोबाईलमध्ये बोलून मराठी टंकता येते, ज्यांची दृष्टी अधू झाली त्यांना ती मोठी सोय आहे. पण मोबाईल हरवतो, बिघडतो, आणि वहीला वाळवी लागते. म्हणून वर्षाकाठी एकदा प्रत काढून दुसऱ्या घरात ठेवावी. माझ्या वह्यांच्या झेरॉक्स प्रती जबलपूरला बहिणीकडे आहेत. अम्मीच्या कॅलेंडरच्या पानाचीही.

मागच्या ओळीत बसलेल्या काही वडीलधाऱ्यांना मी ओळखते. 1956 साली राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला आली, तेव्हा आईवडिलांच्या सामानाबरोबर लहानपणी इथे आलेली ती माणसे आहेत. त्या वेळी ट्रकमध्ये काय भरले, काय नागपुरास सोडले, पहिल्या क्वार्टरात नळाला पाणी होते की नव्हते, हे त्यांच्याखेरीज कोणाला माहीत नाही. चहाच्या वेळी मी दाराशी उभी राहीन. पिशवीत तीस कोऱ्या वह्या आहेत. पहिल्या पानावर मी प्रत्येकीत एकच प्रश्न लिहून आणला आहे: "तुम्ही भोपाळला आलात त्या दिवशी दुपारी काय जेवलात?"