खांद्यावरचे प्रेत

१९५२ साली मद्रासहून, म्हणजे आजच्या चेन्नईहून, ‘चांदोबा’ मासिक मराठीत येऊ लागले. त्यातील विक्रमराजा स्मशानातले प्रेत खांद्यावर टाकून निघे. ‘शंकर’ या नावाने ओळखले जाणारे के. सी. शिवशंकरन यांनी रेखाटलेले ते चित्र मुलांच्या पिढ्यांनी पाहिले. प्रेत उघडच होते. ते हुडकण्याचे श्रम कोणास पडले नाहीत.

हल्लीचे प्रौढ रसिक मात्र मुलांच्या चित्रपटांत दडलेला मृत्यू शोधीत असतात. हायाओ मियाझाकी यांच्या १९८८ सालच्या ‘माय नेबर टोटोरो’ या जपानी चित्रपटात शेवटी दोघी बहिणींच्या सावल्या दिसत नाहीत. म्हणून त्या मेल्या आणि टोटोरो हा मृत्युदेव, अशी वदंता उठली. २००७ साली चित्रसंस्थेस सांगावे लागले की, सावल्या अनावश्यक वाटल्या म्हणून काढल्या नाहीत, इतकेच!

तर्क खोटा, पण भय खोटे नव्हे. त्या मुलींची आई रुग्णालयात आहे, धाकटी हरवते, तळ्यात एक चप्पल सापडते. ती चप्पल तिची नसते; तरी बालपणी चुकलेला काळजाचा ठोका स्मरणात राहतो आणि मोठेपणी माणूस त्याला कारण शोधतो.

मुलाने उद्या विचारले, “त्या मेल्या का हो?” तर हसू नये, आणि होकारही देऊ नये. भ्यालास ना, एवढे आधी विचारावे. राजाचे मौन सुटले की वेताळ पुन्हा झाडावर जाई. भयाला पुढच्या महिन्याचा वायदा असे. तेवढा धीर मुलांना पुरत असे.