नवं स्वादुपिंड : आमच्या घरातली गोष्ट

(रौप्यमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेत बी विंगमधील एका सभासद भगिनींनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. तरी कमिटीने मला मधुमेहावर बोलायला सांगितलं, कारण माझ्या मुलाचं ऑपरेशन तुम्हा सर्वांना माहीत आहे. पण ‘नेमकं काय बदललं हो त्याचं?’ हा प्रश्न मला अजूनही लिफ्टमध्ये विचारला जातो. म्हणून आज सविस्तर सांगते.

आपण २००० साली इथे राहायला आलो तेव्हा तो सात वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी खूप तहान लागायला लागली, रात्रीत चार-चारदा लघवीला उठायचा, वजन उतरलं. तपासणीत टाइप वन मधुमेह निघाला. तेव्हा कुणी म्हणालं, गोड फार खायचा. कुणी म्हणालं, आईचं लक्ष नसेल. मंडळी, टाइप वन साखर खाऊन होत नाही. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. ते पाचकरस तयार करतं आणि इन्सुलिनही. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मग बाहेरून इन्सुलिन घ्यावंच लागतं. १९२२ साली टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं, त्याआधी अशी मुलं वाचतच नसत.

इन्सुलिनने मूल जगतं, पण आजार बरा होत नाही. शाळा, कॉलेज, नोकरी, सगळीकडे त्याच्याबरोबर इंजेक्शनं. कॉलेजात असताना त्याने बरीच हेळसांड केली, हेही खरं. २०१९ साली दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. मी म्हटलं, माझी किडनी घ्या. पण मला स्वतःला टाइप टू आहे, त्यामुळे मी बाद. ह्यांचं हृदय कमजोर, तेही बाद.

तेव्हा डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. एकाच दात्याची किडनी आणि स्वादुपिंड, दोन्ही एकाच वेळी बसवायचं. मला वाटलं हे काहीतरी नवीन प्रयोग करतायत. तसं नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. केली आणि डॉ. लिलेहाय यांनी १९६६ सालीच पहिलं स्वादुपिंड प्रत्यारोपण केलं. सुरुवातीची वर्षं कठीण गेली, कारण शरीर परका अवयव नाकारतं. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन आणि पुढे टॅक्रोलिमससारखी औषधं आली, तेव्हा चित्र पालटलं. आज अनुभवी केंद्रांत किडनीबरोबर बसवलेली स्वादुपिंडं वर्षानंतरही दहापैकी आठांहून अधिक जणांत चालू असतात.

जुनं स्वादुपिंड काढत नाहीत. ते पाचकरस देतच असतं, म्हणून जागच्या जागी ठेवतात. नवं स्वादुपिंड ओटीपोटात एका बाजूला बसवतात आणि किडनी दुसऱ्या बाजूला. दात्याच्या लहान आतड्याचा छोटा तुकडा स्वादुपिंडाला जोडलेलाच ठेवतात आणि तो रुग्णाच्या आतड्याला जोडतात, म्हणजे नव्या स्वादुपिंडाचा रस तिथे जातो.

मग प्रत्येक मधुमेह्याने हे का करू नये? आपल्या सोसायटीत टाइप टूवाले पुष्कळ आहेत, मी त्यातलीच, म्हणून नीट ऐका. हे आपल्यासाठी नाही. ऑपरेशन मोठं, रक्ताची गुठळी होण्याचा धोका मोठा आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर. साधा ताप आला तरी धावपळ. किडनीसाठी या गोळ्या घ्याव्याच लागणार असतील, तर त्याच गोळ्यांत स्वादुपिंडही सांभाळलं जातं, हा त्यामागचा हिशेब. नुसतं स्वादुपिंड क्वचितच बसवतात; ज्यांची साखर कल्पना न देता धोकादायक खाली जाते, अशा काही टाइप वन रुग्णांना. बाकीच्यांनी गोळ्या वेळेवर घ्यायच्या, चालायचं आणि वर्षातून एकदा लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन व डोळे तपासून घ्यायचे. किडनी बिघडताना सुरुवातीला काहीच दुखत नाही. आम्ही तिथेच फसलो.

आता जे सांगायला मी खरं तर उभी राहिले, ते सांगते.

किडनी जिवंत नातेवाईक देऊ शकतो. पूर्ण स्वादुपिंड मात्र मेंदू मृत झालेल्या व्यक्तीकडूनच मिळतं. यादीत नाव घालायचा फॉर्म भरताना माझा हात थांबला. कारण २००८ साली माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदू मृत असल्याचं सांगितलं. मग एक बाई हळू आवाजात अवयवदानाबद्दल विचारायला आल्या. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ताई, तुम्ही म्हणाल तसं.’ व्हेंटिलेटरवर त्याची छाती हलत होती, हात गरम होता. मी म्हटलं, ‘नको. आहे तसा घरी नेऊ.’ मला कुणी दोष दिला नाही. पण त्या दिवशी माझ्यासारखीच कुठली तरी आई फोनची वाट बघत बसली असणार, हे मला अकरा वर्षांनी कळलं.

आम्ही अडीच वर्षं थांबलो. दोनदा बोलावणं आलं. पहिल्यांदा पोचलो आणि कळलं की, स्वादुपिंडावर चरबी जास्त आहे, चालणार नाही. फार नाजूक अवयव आहे तो, थोडकं काही असलं तरी नाकारावा लागतो. रिकाम्या हाताने परत आलो. दुसऱ्यांदा, २०२२ साली, रात्री पावणेतीनला फोन. लिफ्ट बंद होती. आपल्या वॉचमन काकांनी बॅग खाली नेली आणि ए विंगमधल्या मुलांनी गाडी काढली. ते मी विसरलेले नाही.

ऑपरेशननंतर दर तासाला साखर तपासत होते. तिसऱ्या दिवशी मी नर्सला विचारलं, इन्सुलिन कधी द्यायचं? ती म्हणाली, ‘आता लागत नाही, काकू.’ एकवीस वर्षांनी. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

सगळं सोपं झालं असं नाही. दोनदा संसर्ग झाला, महिनाभर पुन्हा दवाखाना. गोळ्यांचा खर्च आहेच. पण यंदाच्या गणपतीत त्याने मोदक खाल्ला, आणि खाण्याआधी बोट टोचलं नाही.

दाता कोण, ते आम्हाला सांगत नाहीत. सांगूही नये. एवढं माहीत आहे की, कुठल्या तरी घरात, माझ्या वहिनीसारखं कुणीतरी विचारलं असेल, ‘काय करायचं?’ आणि तिथे कुणीतरी ‘हो’ म्हटलं.

अवयवदानाचा फॉर्म नंबर सात आज दाराशी टेबलावर ठेवला आहे, ऑनलाइनही भरता येतो. पण नुसता भरून उपयोग नाही, कारण त्या वेळी सही घरच्यांचीच लागते. म्हणून आज रात्री जेवताना घरात बोला. आपली इच्छा काय आहे ते मुलांना, सुनेला, जावयाला स्पष्ट सांगा. माझ्या भावाशी आमचं कधी हे बोलणंच झालं नव्हतं. झालं असतं, तर मला त्याच्या वतीने ठरवावं लागलं नसतं.

मी माझा फॉर्म भरला आहे. ह्यांनी आणि वहिनीनेही.

बाहेर चहा आहे, बिनसाखरेचा डावीकडच्या थर्मासमध्ये.