आमच्या पेटीवाल्या बाई
(मंडळाच्या हीरकमहोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मंडळाचे इतिवृत्त मी पुष्कळ वर्षे लिहिले, पण ते लिहिताना पुढे कागद असतो, माणसे नसतात. चिटणीसबाई म्हणाल्या, “बाईंवर तुम्हीच बोलायला हवे, तुमच्याइतका त्यांचा सहवास कोणाला लाभला नाही.” सहवास लाभला हे खरे. पण त्या सहवासातली एक गोष्ट मी आजवर कोणापुढे काढलेली नाही. ती आज सांगायची असे घरून ठरवून आले आहे, म्हणून थोडी गडबडले आहे. सांभाळून घ्यावे.

बाईंचे नाव मी घेणार नाही. स्मरणिकेत आपले नाव किंवा फोटो छापायचा नाही असे त्यांनी मंडळाला बजावून ठेवले होते. रौप्यमहोत्सवाच्या वेळी कार्यकारिणीने केवढा आग्रह केला, पण त्यांनी दाद दिली नाही. आता त्या नाहीत म्हणून त्यांचा शब्द मोडावा हे मला बरे वाटत नाही. आणि आपल्या नगरात ‘पेटीवाल्या बाई’ म्हटले की जुन्या माणसाला दुसरे काही सांगावे लागत नाही. (गावाचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, हे मला ठाऊक आहे. पण मी लग्न होऊन आले ती नगरला, आणि जिभेला तेच वळण पडले. तरुण मुलींनी हसू नये.)

बाई आमच्या आळीच्या टोकाला राहत. शाळेत शिक्षिका होत्या. यजमान फार लवकर वारले, मूलबाळ नव्हते. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरातून पेटीचे सूर येऊ लागले की आमच्या सासूबाई म्हणत, “उद्या रविवार बरं का!” त्यांना कॅलेंडर पाहावे लागत नसे. शनिवारी बाई दुसऱ्या दिवशीच्या उपासनेतल्या गीतांची उजळणी करीत. चर्चमध्ये पायपेटी होती, घरी हाताची. पायपेटीचा भाता पायांनी चालतो म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात, आणि विलायती चालींना ते लागतेच, कारण तिथे एका वेळी चार निरनिराळे सूर धरावे लागतात. हाताच्या पेटीवर एक हात भात्याला जातो. त्यामुळे विलायती गीताची तयारी घरी अर्धीच होई. उरलेला अर्धा भाग त्या डाव्या हाताची बोटे मांडीवर नाचवून करीत. असे त्यांना एकदा खिडकीतून पाहून मी मोठ्याने हसले, आणि तीच आमची ओळख.

पहिल्या नाताळला त्यांनी मला उपासनेला नेले. सासूबाईंनी ‘जा’ म्हटले, ‘प्रसाद मात्र खाऊ नकोस’ असेही म्हटले. मी केक खाल्ला, आणि तो घरी येऊन सांगितलाही. तेथे मला प्रथम समजले की ही गीते आपल्याच बोलीतली, अभंगासारखी, पदासारखी आहेत. बाईंनी मग त्याची हकीकत सांगितली. अमेरिकन मिशनरी नगरला १८३१ साली आले. त्यांनी आपली गीते मराठीत करून आपल्याच चालींवर बसवली, तेव्हा कित्येकदा आपल्या शब्दाचा ऱ्हस्व त्यांच्या चालीत लांबे आणि दीर्घ चेपला जाई. पुढे कृष्णराव सांगळ्यांनी आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी देशी चालींवर गीते रचली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, १९१९ साली ते वारले. तेवढ्या वर्षांत त्यांनी शंभरावर गीते केली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपल्या वाचनालयात आहेत. त्यांची पाने सुटली आहेत ती आपल्याच वाचनाने. ‘उपासना संगीत’ हे त्यांच्या गीतांचे पुस्तक. बाईंच्या प्रतीत प्रत्येक गीतावर पेन्सिलीने एक खूण असे: ‘काळी एक’, ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’. ही खूण म्हणजे पट्टी.

ह्या पट्टीविषयी थोडे सांगते, कारण बाई म्हटल्या की मला आधी तेच आठवते. पुरुषांची पट्टी साधारण काळी एक किंवा दोन, बायकांची काळी चार किंवा पाच. चर्चमध्ये सर्वांनी मिळून म्हणायचे असते, तेव्हा कोणाचा तरी गळा ताणला जाणारच. गाणाऱ्या मुलींना वाटे, आपला आवाज खुलेल ती पट्टी धरावी. बाई आधी चाल कुठवर चढते ते पाहत आणि मग मागच्या बाकावरच्या तीन म्हाताऱ्यांकडे पाहत. त्यातल्या एकीला दमा होता. तिला चढता येईल तेवढेच गीत चढायचे, असा बाईंचा नियम. मुली कुरकुरत. एका मुलीने तोंडावर विचारले, “बाई, त्या आजींसाठी सगळ्या मंडळीने कुजबुजत गायचं का?” बाई म्हणाल्या, “तू घरी गाऊ शकतेस. त्यांना गायला ही एकच जागा आहे.”

पेटीवर त्यांचे प्रेम होते, अभिमान मात्र नव्हता. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. पेटीत मींड निघत नाही, तिचे सूर ठोकळ, आपल्या श्रुतींना ते मानवत नाहीत, असा जाणत्यांचा आक्षेप होता. मी बाईंची बाजू घेऊन त्या जाणत्यांना नावे ठेवली, तर त्या म्हणाल्या, “त्यांचं खरं आहे हो. पण शंभर बेसूर माणसांना एका सुरात आणायचं तर ठोकळाच लागतो.”

आता १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून समजणार नाही. आपल्या जिल्ह्यातली चांगली बागाईतवाली माणसे खडी फोडायला बसली होती. तांबडा मिलो शिजवून खात, पोरांना सुकडी मिळे. बाई दर रविवारी उपासना आटोपली की शहराबाहेरच्या एका कामावर जात. पहिले काही आठवडे आईबापांनी झाडाखाली ठेवलेल्या मुलांना गोळा करून गाणी म्हणत, एवढेच. मग त्यांच्या ध्यानात आले की फोडलेल्या खडीचे माप घेताना बायकांच्या ढिगाला नेहमी काहीतरी कमी पडते. मजुरी मापावर. माप घेणाराही तोच आणि लिहिणाराही तोच. शंभर घनफुटांचा एक ब्रास हे त्या बायांना ठाऊक होते, पण शंभर घनफूट म्हणजे काय ते कोणी दाखवले नव्हते.

बाईंनी सुताची दोरी आणली, फुटाफुटावर गाठ मारली, दहा गाठी. “दहा गाठी लांब, दहा गाठी रुंद आणि एक गाठ उंच, एवढा ढीग झाला की एक ब्रास.” मग ढीग अर्धा रुंद आणि दुप्पट उंच असला तर काय, हे त्यांनी वाळूत रेघा मारून शिकवले. चार रविवार लागले. पाचव्या रविवारी एक बाई पदर खोचून कारकुनापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, तुमची टेप धरा, मी माझी दोरी धरते.” मी तिथे होते. तिच्या मागे आणखी सहासात दोऱ्या उभ्या होत्या. त्या दिवसापासून तिथल्या मापात पडायचा तो फरक पडेनासा झाला.

आपल्या मंडळाचा साक्षरतावर्ग त्या दोरीतून निघाला. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले, त्याच्याआधी पंधरा वर्षे तो चालू होता. अहवालात त्याची संख्या, परीक्षा, बक्षिसे सगळे आलेले आहे. ते मी पुन्हा वाचून दाखवत नाही.

आता ती गोष्ट.

वर्ग सुरू झाल्याच्या पुढच्याच संक्रांतीला मंडळाचे हळदीकुंकू होते. मी नवी चिटणीस. निमंत्रणाची यादी मी केली, माझ्याच अक्षरात, आणि वर मथळा घातला ‘सवाष्णींची यादी’. बाईंचे नाव त्यात घातले नाही. मला कोणी सांगितले नव्हते. विधवा, त्यातून ख्रिस्ती, तेव्हा विचारण्यासारखे काही आहे असेच मला वाटले नाही. मात्र त्याच समारंभात आमच्यातल्या एका मुलीचे पहिले जाहीर गाणे होते आणि तिला साथीला बाई हव्या होत्या. म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन म्हटले, “बाई, पेटी घेऊन या.”

त्या आल्या. पेटी दाराजवळ ठेवून तिथेच बसल्या. मुलगी घाबरली होती. बाईंनी पट्टी अर्ध्या स्वराने उतरवून घेतली आणि तिला निभावून नेले. मग हळदीकुंकू सुरू झाले. वाण लुटले गेले. मला आठवते, त्या वर्षी स्टेनलेस स्टीलच्या वाट्या होत्या आणि त्यांचे फार कौतुक चालले होते. बाईंपर्यंत तबक गेले आणि वळले. तबक माझ्याच हातात होते.

बाईंनी भाता बंद केला, झाकण लावले, पेटी उचलून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्गाला वेळेवर आल्या.

ह्या गोष्टीला मी सात वर्षे तोंड फोडले नाही. पुढे माझे यजमान वारले. तेराव्यानंतर बाई भेटायला आल्या, तेव्हा मी रडत रडत ते बोलले. मला वाटले होते, त्या ‘त्यात काय एवढं’ म्हणतील. त्यांचा धर्म क्षमेचा, असे आपण ऐकलेले असते. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “वाईट वाटलं होतं. वाण नको होतं मला. पण पेटी आणायला हमाल बोलवावा तसं तुम्ही मला बोलावलंत, असं वाटलं. त्या मुलीसाठी आले. नाहीतर निम्म्यातून उठले असते.” आणि मग विचारले, “तुम्ही जेवलात का सकाळपासून?”

त्या वर्षी माझेही नाव यादीतून गेले असते. ते जाऊ नये म्हणून कार्यकारिणीत मी भांडले. यादीचा मथळा बदलला, समारंभाचे नाव ‘तिळगूळ-समारंभ’ झाले, ज्यांना कुंकू हवे त्यांना ते लावावे, वाण सर्वांना, असे ठरले. दोन सभासद मंडळ सोडून गेल्या. अहवालात ह्याचे श्रेय मला दिलेले आहे. स्वतःवर वेळ आल्यावर मला ते सुचले, तोवर सुचले नव्हते, हे त्या अहवालाच्या जोडीला नोंदवून ठेवावे अशी माझी विनंती आहे. बाई पहिल्या तिळगूळ-समारंभाला आल्या. पेटी आणली नव्हती. मधल्या रांगेत बसल्या, वाट घेतली, आणि निघताना मला म्हणाल्या, “भाषणं फार झाली.”

उतारवयात त्यांच्या चर्चमध्ये तरुण मुलांनी कीबोर्ड आणला. पायपेटीवर कापड पडले. बाईंना त्याचे दुःख झाले. झाले नाही असे मी म्हणणार नाही, कारण त्या दिवशी त्या माझ्याकडे येऊन चहा न घेता बसून राहिल्या होत्या. पण जुन्या चाली त्या मुलाला येईनात, तेव्हा त्यालाच घरी बोलावून एकेक चाल बसवून दिली. त्याच्या यंत्रात कळ दाबली की पट्टी बदलते, हे पाहून त्यांना मोठी मौज वाटली. “मग तर तुला सबबच नाही,” असे त्याला म्हणाल्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांच्या मंडळीत ‘प्रभूमध्ये झोपी गेल्या’ असे म्हणतात. दफनभूमीत आपल्या मंडळाच्या तीसेक जणी होत्या. शेवटचे गीत सुरू झाले. वाद्य नव्हते. आम्हांला शब्द येत नव्हते, पण चाल आळीतल्या प्रत्येकीला येत होती. शनिवारी-शनिवारी ऐकून ती कधी पाठ झाली कळलेही नाही. आम्ही नुसता सूर धरला. पाळकसाहेबांनी मान वर करून पाहिले आणि गीत सावकाश घेतले.

त्यांची घरची पेटी त्यांनी मंडळाला दिली आहे. तिचे सूर पालिताण्याचे, खर्ज-नर असे दुहेरी, अजून खणखणीत आहेत. भाता उंदरांनी खाल्ला होता, तो दुरुस्त करून आणला आहे. खर्जातली एक पट्टी दाबली की वर येत नाही, तिला बोटाने उचलावे लागते, एवढेच. बुधवारी चार वाजता मी मंडळाच्या खोलीत असेन. मला थोडेफार येते ते बाईंकडूनच. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी यावे. येताना वही आणि पेन्सिल आणावी, पट्टी लिहून ठेवायला लागते.